ज्यांना मोगादिशूला परत जायचं आहे

मित्रहो, आज मला सोमालियातल्या मानवाधिकार रक्षकांच्या, म्हणजे लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांच्या आणि पत्रकारांच्या, संरक्षणाबद्दल बोलायचं आहे. सुरुवात एका माणसापासून करतो. त्यांचं नाव एल्मान अली अहमद. 1991च्या जानेवारीत देशाचे हुकूमशहा सियाद बारे यांची राजवट कोसळली, सरकार नावाची गोष्टच उरली नाही आणि राजधानी मोगादिशू टोळीप्रमुखांनी वाटून घेतली. मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या हाती बंदुका आल्या. एल्मान या पोरांना जवळ करायचे, विजेचं काम, गाडीदुरुस्ती असं काही शिकवायचे आणि एकच सांगायचे: बंदूक खाली ठेव, लेखणी उचल. 9 मार्च 1996 रोजी त्यांना मोगादिशूतच गोळ्या घातल्या गेल्या.

पुढे त्यांच्या पत्नी फर्तून अदान यांना मुलींसह कॅनडा गाठावं लागलं. तिथे राहिल्या असत्या, तर कुणी त्यांना बोल लावला नसता. पण 2007मध्ये त्या मोगादिशूला परतल्या. तेव्हा शहरात इथिओपियाचं सैन्य होतं आणि रोज लढाई चालू होती. 2010मध्ये मुलगी इल्वादही आली. बलात्कार झालेल्या बायकांना आसरा, औषधोपचार आणि धीर देणारं सोमालियातलं पहिलं केंद्र या मायलेकींनी उभं केलं. 2022मध्ये त्यांना राइट लाइव्हलिहूड पुरस्कार मिळाला. 1991मध्ये मेधा पाटकर, बाबा आमटे आणि नर्मदा बचाव आंदोलनाला मिळाला होता, तोच हा पुरस्कार. मायलेकींना तो मिळण्याच्या तीन वर्षं आधी, 20 नोव्हेंबर 2019 रोजी, दुसरी मुलगी अल्मास गोळी लागून गेली. ती गेली ती मोगादिशू विमानतळाच्या संरक्षित आवारात. परदेशी वकिलाती आणि संयुक्त राष्ट्रांची कार्यालयं तिथेच आहेत. सगळ्या देशात त्याहून सुरक्षित जागा नाही, असं मानलं जातं.

म्हणून 'मानवाधिकार रक्षकांचं संरक्षण' हे शब्द ऐकले की मी आधी विचारतो, धोका नेमका कुठून येतो? सोमालियात तो एका दिशेने येत नाही. अल-शबाब या सशस्त्र इस्लामी गटाचा धोका सगळ्यांना माहीत आहे. फोन येतो, बोलणाऱ्याला तुमच्या मुलाच्या शाळेचं नावसुद्धा ठाऊक असतं. पण तितकाच धोका सरकारकडून असतो. 2013ची गोष्ट घ्या. सैनिकांनी बलात्कार केला असं सांगणाऱ्या एका स्त्रीची मुलाखत एका तरुण पत्रकाराने घेतली. मुलाखत छापूनही आली नव्हती, तरी दोघांनाही एकेका वर्षाची शिक्षा झाली! स्त्री अपिलात सुटली आणि पत्रकाराला सर्वोच्च न्यायालयाने सोडलं, पण तोवर त्याचे दोन महिने तुरुंगात गेले होते. त्यानंतर किती बायका पत्रकारांशी बोलायला धजावल्या असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

2022च्या ऑक्टोबरमध्ये माहिती मंत्रालयाने अतिरेकी विचारांच्या प्रसारावर बंदी घालणारा आदेश काढला. वरवर पाहता त्यात वावगं काही नाही. पण अतिरेकी विचार म्हणजे काय हे ठरवणार कोण, असं पत्रकार संघटनांनी विचारलं. विचारणाऱ्यांपैकी एक, सोमाली जर्नलिस्ट्स सिंडिकेटचे सरचिटणीस अब्दल्ले अहमद मुमिन, यांना काही दिवसांतच विमानतळावर पकडण्यात आलं. सरकारी आदेश मोडल्याबद्दल पुढच्या फेब्रुवारीत त्यांना दोन महिन्यांची शिक्षा सुनावली गेली. पत्रकारांचे मारेकरी मोकळे राहण्याच्या जागतिक यादीत 2015 ते 2022 अशी सलग आठ वर्षं सोमालिया पहिल्या क्रमांकावर होता. मारेकरी सापडत नाहीत आणि प्रश्न विचारणारा मात्र आठवड्यात सापडतो, ही त्या देशातल्या रक्षकांची रोजची स्थिती आहे.

तिसरा धोका बाहेरच्या माणसाला पटकन दिसत नाही. तो आपल्याच माणसांकडून येतो. सोमाली समाजात माणसाचं खरं संरक्षण म्हणजे त्याचं कूळ. खून झाला तर मारणाऱ्याच्या कुळाने मृताच्या कुळाला भरपाई द्यायची, असा परंपरेचा तोंडी कायदा आहे. रूढ हिशेब पुरुषासाठी शंभर उंट, स्त्रीसाठी पन्नास. बलात्कारही पुष्कळदा असाच मिटतो. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी झाडाखाली बसतात, देवघेव ठरते आणि कधी कधी त्या मुलीचं लग्न त्याच पुरुषाशी लावून दिलं जातं. आता एखादी कार्यकर्ती म्हणाली की हा खटला न्यायालयात जाईल, तर तिने दोन्ही कुळांचा शब्द मोडला. त्यांतलं एक कूळ तिचं स्वतःचं असलं, तर ज्यांनी तिच्यामागे उभं राहायचं तेच तिच्यासमोर उभे राहतात.

ज्यांना मोठं कूळच नाही, त्यांची अवस्था याहून बिकट. सोमालियात 2000पासून सत्तेची वाटणी 'साडेचार'च्या सूत्राने होते. चार मोठ्या कुळांना एकेक वाटा आणि बान्तू, गाबोये अशा उरलेल्या सगळ्यांना मिळून अर्धा. त्या अर्ध्या वाट्यातला कार्यकर्ता मारला गेला, तर भरपाई मागायलाही कुणी पुढे येत नाही, आणि मारणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. मदत देणाऱ्या संस्थांच्या अर्जावर कुळाचा रकाना नसतो. समतेच्या भावनेने तो ठेवलेला नसतो, हे मला कळतं. पण कोण अधिक उघड्यावर आहे हे ठरवताना कुळ विचारात घेतलं नाही, तर मदत आपोआप मोठ्या कुळांच्या, इंग्रजी येणाऱ्या, राजधानीत राहणाऱ्या माणसांकडेच जाते. बायदोआ किंवा किसमायो अशा दुसऱ्या शहरांतली बाई त्या यादीत येतच नाही.

कागदावर आधार आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवाधिकार रक्षकांचा जाहीरनामा 1998मध्ये मंजूर केला. सोमालियाच्या 2012च्या हंगामी संविधानाने अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य मान्य केलं, मुलींची खतना करायला बंदी घातली. मानवाधिकार आयोगाचा कायदा 2016चा आहे, पण आयोगावर माणसं नेमायला कित्येक वर्षं गेली. लैंगिक अत्याचारांविरुद्धचं विधेयक 2018मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलं, ते संसदेत अडकलं, आणि 2020मध्ये त्याच्या जागी असा मसुदा आला की त्याने बालविवाहाला वाट मोकळी झाली असती. त्यावर आवाज उठवणाऱ्या बायकांना 'परक्यांच्या हस्तक' म्हटलं गेलं. हा आरोप मोगादिशूत जिवावर बेतू शकतो.

मग करायचं काय? सर्वांत सोपा उपाय म्हणजे माणसाला देशाबाहेर काढणं. जीव वाचतो आणि तो वाचायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. पण माणूस ओस्लोला किंवा टोरांटोला गेला की वर्षभरात त्याचे गावातले धागे तुटतात, जबाब नोंदवणारं दुसरं कुणी उरत नाही, आणि धमकी देणाऱ्याला जे हवं होतं ते मिळतं. म्हणून मला युगांडाची राजधानी कंपाला इथलं काम फार मोलाचं वाटतं. सोमाली कार्यकर्ते हसन शिरे यांनी 2005मध्ये तिथे पूर्व आफ्रिकेतल्या रक्षकांसाठी 'डिफेन्डडिफेन्डर्स' ही संस्था उभी केली. जवळच्या शहरात काही महिने राहायचं, शक्य तितकं काम तिथून चालू ठेवायचं आणि वादळ ओसरलं की घरी परतायचं, असा तो मार्ग आहे. नैरोबी आणखी जवळ असली, तरी तिथल्या ईस्टली या सोमाली वस्तीत धमकी देणारेही पोचतात. शिवाय 2014मध्ये केनियाच्या पोलिसांनी हजारो सोमालींना कासारानी मैदानात डांबलं होतं, हे कुणी विसरलेलं नाही.

अशा मुक्कामाला पैसा लागतो आणि तो अगदी साध्या गोष्टींना लागतो. घरभाडं, पोरांची फी, नवं सिमकार्ड, मागे राहिलेल्या आईचं औषध, वकील. रात्री दोन वाजता फोन आला तर सकाळपर्यंत रक्कम पोचायला हवी. सोमालियात मोबाइलवरून पैसे पाठवणं रुळलेलं आहे, त्यामुळे ते अशक्य नाही. अडतं ते प्रस्ताव, छाननी, तीन महिन्यांनी बैठक यात. त्यात 2025च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि ज्यांच्याकडे शिल्लक नव्हती अशा छोट्या संस्थांना दारं बंद करावी लागली.

आपल्याकडे पुणे आणि हैदराबादमध्ये सोमाली विद्यार्थी वर्षानुवर्षं शिकायला येतात. भारताने 1951च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे आश्रयाचा रस्ता इथे अरुंद आहे. पण विद्यापीठाला त्या रस्त्याने जायची गरज नाही. कायदा, पत्रकारिता किंवा समाजकार्याच्या विभागाने एका सत्रापुरती पाठ्यवृत्ती दिली, खोली दिली, व्हिसाचं पत्र दिलं, तर तिकडच्या एका वकिलाला किंवा वार्ताहराला सहा महिने शांत झोप मिळेल आणि परत जाण्याची वाटही मोकळी राहील. या सभागृहात प्राध्यापक आहेत, संस्थाचालक आहेत. मी त्यांनाच विचारतो आहे: पुढच्या शैक्षणिक वर्षापासून अशी एक जागा तुम्ही ठेवाल का?