आयो आणि साखळदंडातला प्रोमिथियस

[दृश्य: व्हॉयेजर-१ चं छायाचित्र, आयोची कोर]

हा आयो. गुरूच्या चार मोठ्या चंद्रांतला सगळ्यात आतला, आपल्या चंद्राहून जरासाच मोठा. कडेवर हा छत्रीसारखा फिकट डाग बघा. तारीख ८ मार्च १९७९. व्हॉयेजर-१ गुरूला मागे टाकून निघालं होतं आणि यान नेमकं कुठे आहे हे ताऱ्यांवरून पक्कं करायला हा फोटो घेतला होता. दुसऱ्या दिवशी नासाच्या पासाडेनातल्या केंद्रात लिंडा मोराबितो यांनी मंद तारे दिसावेत म्हणून उजेड वाढवला, आणि हा डाग वर आला. मागे दुसरा चंद्र तर नाही? तेही पडताळून झालं. तो होता ज्वालामुखीचा फवारा, सुमारे २७० किलोमीटर उंच. शोध लागला तो यानाचा मार्ग आखणाऱ्यांच्या टेबलावर. त्यांची नावं सहसा श्रेयनामावलीच्या तळाशी असतात.

[दृश्य: कोरेज्जोचं चित्र, व्हिएन्ना]

हा राखाडी ढग म्हणजे झ्यूस, ग्रीक पुराणातला देवांचा राजा. मिठीत आयो, जिचं नाव त्या चंद्राला मिळालं. आर्गॉस शहरात झ्यूसच्या बायकोच्या, हेराच्या देवळातली पुजारीण. बायकोला चाहूल लागली तशी झ्यूसनं आयोची पांढरी कालवड करून टाकली. हेराही वस्ताद. तिनं कालवड मागूनच घेतली आणि राखणीला शंभर डोळ्यांचा आर्गस बसवला. देवांचा दूत हर्मिसनं आर्गसला मारलं, तर हेरानं आयोवर गोमाशी सोडली. माशी डसत राहिली, आयो देशोदेशी पळत राहिली. वाटेत कड्याला जखडलेला प्रोमिथियस भेटला. माणसाला अग्नी दिल्याची शिक्षा भोगत होता. तो म्हणाला, तुझे हाल इजिप्तमध्ये संपतील, आणि तुझ्याच वंशातला कुणी मला सोडवील.

[दृश्य: १९७९ आणि १९९६ ची छायाचित्रं शेजारी]

आयोवरच्या या ज्वालामुखीचं नावही प्रोमिथियसच. पण हा जखडलेला नाही. सतरा वर्षांत त्याचा फवारा ऐंशीएक किलोमीटर पश्चिमेला सरकलाय. मूळ तोंड जागेवरच आहे. लाव्हा पुढे पसरत गेला, आणि तो जिथे सल्फर डायऑक्साइडच्या बर्फावर चढतो तिथे बर्फाची वाफ होऊन उसळते.

एवढी धग येते कुठून? युरोपा आणि गॅनिमीड हे गुरूचे शेजारचे चंद्र आयोची कक्षा गोल होऊ देत नाहीत. त्यामुळे साडेबेचाळीस तासांच्या प्रत्येक फेरीत गुरूची ओढ कमी-जास्त होते, आयो आतून मळला जातो आणि तापतो. पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञांनी हे गणित २ मार्च १९७९ ला छापलं होतं, फोटोच्या सहा दिवस आधी.

[दृश्य: युरोपाचा बर्फ]

युरोपाच्या बर्फाखाली पाणी असावं असं मानतात, तेही याच ओढाताणीमुळे. युरोपा क्लिपर यान ऑक्टोबर २०२४ मध्ये तिकडे निघालंय.