पंधरा मिनिटांची वाट

(दृश्य : गोळेश्वरचा रस्ता. सकाळ. मागे दूरवर हलगी.)

कराडजवळचं गोळेश्वर. गावात शिरणारी ही वाट एरवी पंधरा मिनिटांची. १९५२ साली एके दिवशी मात्र ती सरता सरेना. सात तास लागले.

पुढे बैलगाड्या होत्या. दहा-वीस नव्हे, १५१. ढोल, लेझीम, फटाके, आणि या सगळ्याच्या मधोमध खाशाबा दादासाहेब जाधव. वय २६. हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन घरी निघालेला पैलवान. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं हे पहिलं वैयक्तिक पदक. मिरवणूक महादेवाच्या देवळापर्यंत गेली. गाडीवानांना घाई नव्हती. घाई असती तर बैल कशाला जुंपले असते?

(दृश्य : कृष्णधवल छायाचित्र. खाशाबा.)

आता थोडं मागे जाऊ. हेलसिंकीच्या मॅटवर जपानच्या इशीशी खाशाबांची लांबलेली कुस्ती संपली. अंगातला घाम अजून वाळला नव्हता, तोच सोव्हिएत मल्लाशी लढायला पुकारा झाला. मधे अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण ती मागायला जवळ भारताचा एकही अधिकारी नव्हता, असं सांगतात. तिकडे बाजू घ्यायला एक माणूस नाही आणि इकडे आणायला १५१ गाड्या!

पण या गाड्या नुसत्या हौसेच्या नव्हत्या. हेलसिंकीला जायला खाशाबांकडे पैसे नव्हते. लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी काढली होती. त्यामुळे त्या दिवशी रस्त्यावर उभा असलेला माणूस पदक बघताना आपलेही चार आणे कुठे लागले, ते बघत असणार.

(दृश्य : कोल्हापूर. फेटे, ढोल-ताशे, गर्दी.)

मग महाराष्ट्राला पुढच्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी किती थांबावं लागलं? ७२ वर्षं.

१ ऑगस्ट २०२४. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. ५० मीटर रायफल, थ्री पोझिशन. गुडघ्यावर बसून, पालथं पडून, मग उभं राहून नेम धरायचा. ४५१.४ गुण आणि कांस्य. या प्रकारात भारताला याआधी ऑलिंपिक पदक कधीच मिळालं नव्हतं. तेव्हा वडील शिक्षक, आई गावची सरपंच आणि स्वतः मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस.

नेमबाजाचं सगळं आयुष्य आवाज कमी करण्यात जातं. श्वास धरायचा, छातीचे ठोके शांत करायचे, दोन ठोक्यांच्या मधे चाप ओढायचा. अशा मुलाला आपण आणतो कसा? कानठळ्या बसतील एवढ्या ढोलांत. पुण्यात उतरल्यावर दगडूशेठ गणपतीचं दर्शन, पुढे कोल्हापुरात जंगी मिरवणूक. बिचारा हात जोडून हसत होता. कोल्हापूरनं आनंद हळू आवाजात करावा, ही अपेक्षाच चुकीची!

(दृश्य : माळरान. आटपाडी तालुका.)

पॅरालिंपिकची, म्हणजे दिव्यांग खेळाडूंच्या ऑलिंपिकची पाळी नंतर येते, आणि तोवर पेपरातली जागाही आटलेली असते. २०२४ मध्ये भारतानं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ६ पदकं मिळवली, पॅरालिंपिकमध्ये २९. आता जरा आठवून बघा, त्या २९ पैकी किती नावं तोंडावर येतात?

एक नाव इथलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या करगणीचा सचिन खिलारी. माणदेशातलं, पावसाची वाट बघणारं गाव. शाळेत असताना सायकलवरून पडला, जखम चिघळली आणि डावा हात कायमचा अधू झाला. पुढे मेकॅनिकल इंजिनिअर झाला, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवलं. ४ सप्टेंबरला त्यानं एफ-४६ गटात, म्हणजे हात अधू असलेल्यांच्या गटात, गोळा फेकला १६.३२ मीटर. रौप्य. सोनं गेलं १६.३८ वर. सहा सेंटिमीटर! हाताची चार बोटं जुळवून ठेवा, त्याहूनही कमी.

त्या स्पर्धांची सांगता झाली ८ सप्टेंबरला. आदल्या दिवशीच घरोघरी गणपती बसले होते. ढोल आधीच बाहेर निघालेले होते.

(दृश्य : जलतरण तलाव. पाण्यावर ऊन.)

याच सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय लुळे पडले. जवान पोहायला लागला. १९७२, जर्मनीतलं हायडेलबर्ग. ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद, विश्वविक्रम. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ साली. ३७ सेकंदांच्या कामाची पोच यायला ४६ वर्षं लागली. बैलगाडीसुद्धा इतकी हळू चालत नाही.

(दृश्य : पुन्हा गोळेश्वर. संध्याकाळ. रिकामा रस्ता.)

खाशाबांची एक गोष्ट सांगायची राहिली. वर्गणी पुरत नव्हती, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले होते. आपल्या एका विद्यार्थ्यासाठी.

मिरवणूक संपली. गाड्या सुटल्या, बैल गोठ्यात गेले. ऑलिंपिक पदकविजेत्यानं मग काय केलं? कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि स्वतः लांग कसून लाल मातीत उतरला. एकामागून एक कुस्त्या मारल्या. जमलेले पैसे नेऊन खर्डेकर सरांच्या हातात दिले, आणि सरांचं घर सोडवलं.

(हलगी थांबते.)