गणिताचे सर, मैदानावर आणि शेतात

एका दोरीचे गाठी मारून 12 सारखे भाग केलेले आहेत. 3, 4 आणि 5 भागांच्या बाजू होतील अशी ती तिघांनी ताणून धरली, की त्रिकोणाचा एक कोन काटकोन होतो. खेड्यातल्या शाळेत गणित शिकवणारे, शाळा सुटल्यावर मुलांकडून धावण्याचा सराव करून घेणारे आणि स्वतःचे शेतही कसणारे शिक्षक याच दोरीने मैदानाचा कोपरा साधतात आणि फळझाडांच्या ओळीही आखतात. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास, म्हणजे बाजूंवरून काटकोन ओळखणारा उलटा नियम, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आधी हाती येतो आणि मग फळ्यावर. हा क्रम सरांनी विचारपूर्वक ठरवलेला असतो.

त्यांचे गणित सर्वांत खुलून दिसते ते मैदानावर फक्की टाकताना. वळणावर बाहेरच्या लेनमधल्या धावपटूला जास्त अंतर पडते, म्हणून त्याला पुढून सुरुवात द्यावी लागते. पण किती पुढून? लेनची रुंदी 1.22 मीटर असते, म्हणजे प्रत्येक लेनची त्रिज्या आतल्या लेनपेक्षा तेवढीच वाढते, आणि पूर्ण फेरीत दोन लेनमधला फरक 2π गुणिले 1.22, म्हणजे सुमारे 7.67 मीटर येतो. मूळ त्रिज्या वजाबाकीत निघून जात असल्यामुळे मैदान लहान असो वा मोठे, हे उत्तर बदलत नाही. शाळेच्या आखूड मैदानावर 400 मीटरचा ट्रॅक बसत नाही म्हणून खट्टू झालेल्या मुलांना हे स्वतः मोजून पटते, तेव्हा बीजगणित कशासाठी शिकायचे हा प्रश्न पुन्हा विचारला जात नाही. माझ्या मते शिक्षकाची खरी कमाई हीच आहे.

शेतात त्रिकोणाच्या तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढणारे हेरॉनचे सूत्र कामी येते. त्रिकोणी तुकड्यात पीक उभे असताना उंची मोजायला आत शिरता येत नाही, पण बांधाच्या कडेने चालत तिन्ही बाजू मोजता येतात. त्या 130, 140 आणि 150 मीटर भरल्या, तर क्षेत्रफळ 8,400 चौरस मीटर, म्हणजे 0.84 हेक्टर होते. पावसाचा हिशेबही असाच मांडता येतो: एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला, तर 10,000 लिटर पाणी पडलेले असते. पेरणीपूर्वी 100 दाणे ओल्या कापडात ठेवून त्यांतले 70 उगवले, तर बियाणे किती वाढवावे लागेल, हे त्रैराशिक मुले घरी आई-वडिलांसाठी सोडवतात. ज्या घरात गणिताची भीती होती, तिथे ते असे उपयोगी पडू लागते.

प्रशिक्षक म्हणूनही सरांचा भर नोंदींवर असतो. 800 मीटरच्या शर्यतीत पहिली फेरी जोरात आणि दुसरी कशीबशी धावणाऱ्या मुलीला ते रागावत नाहीत, तर दोन्ही फेऱ्यांच्या वेळा शेजारी शेजारी लिहून दाखवतात. कठीण सरावानंतर ते विश्रांती सक्तीची करतात, कारण शरीर बळकट होते ते विश्रांतीच्या काळात, आणि पेरल्यावर कोंब येईपर्यंत वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावावे लागत नाही.

या जगण्यात ओढाताण फार आहे. जमिनीला वाफसा (पेरणीजोगी ओल) आला की पेरणी लांबवता येत नाही, आणि परीक्षा किंवा स्पर्धा नेमकी त्याच आठवड्यात आली, तर झोपेलाच कात्री लागते. अशा शिक्षकांचे कौतुक करण्यापेक्षा त्यांचे वेळापत्रक हंगाम पाहून आखणे अधिक मोलाचे ठरेल. तोवर पेरणीच्या दिवसांत वरच्या वर्गातली मुले सराव घेतात, स्टॉपवॉच लावतात आणि प्रत्येकाची वेळ वहीत उतरवून ठेवतात. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला सर त्याच वेळांची सरासरी काढायला सांगतात.