अपवादाने नियम सिद्ध होतो का?

श्रोतेहो, नमस्कार.

'दि एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल' हा इंग्रजी वाक्प्रचार 'अपवादाने नियम सिद्ध होतो' या रूपात मराठीत इतका रुळला आहे की, तो मूळचा आपला नाही हे सहसा कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. एखाद्याने ठासून विधान करावे, दुसऱ्याने त्याला छेद देणारे उदाहरण पुढे ठेवावे आणि पहिल्याने 'अपवादाने नियम सिद्धच होतो' असे म्हणून विषय मिटवावा, हे आपण नेहमी ऐकतो. पण विरुद्ध पुराव्याने विधान बळकट कसे होईल? सर्व हंस पांढरेच असतात, असे युरोपात शतकानुशतके मानले जात होते. १६९७ साली डच दर्यावर्द्यांना ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर काळे हंस दिसले आणि तो समज कायमचा निकालात निघाला.

या वाक्प्रचाराचे मूळ कायद्यात आहे. लॅटिनमधील पूर्ण वचनाचा आशय असा, की ज्या बाबींना अपवाद केलेला नाही, त्यांच्यापुरता अपवाद हा नियमाची साक्ष देतो. या विचाराचा धागा इसवी सनापूर्वी ५६ साली सिसेरो या रोमन वक्त्याने बाल्बसच्या बचावासाठी केलेल्या भाषणापर्यंत नेला जातो. बाल्बस हा गादेसचा, म्हणजे आजच्या स्पेनमधील कादिझचा रहिवासी. पाँपी या रोमन सेनापतीने त्याला रोमचे नागरिकत्व दिले होते आणि त्यालाच न्यायालयात आव्हान मिळाले होते. हेल्वेती आदी काही जमातींशी रोमने केलेल्या तहांत, त्यांच्यापैकी कोणालाही रोमन नागरिक करून घेऊ नये, असे स्पष्ट कलम होते. त्यावर सिसेरोचा युक्तिवाद असा होता की, कलम घातल्यामुळे जर मनाई होत असेल, तर जिथे असे कलमच नाही तिथे मुभा असलीच पाहिजे. गादेसच्या तहात ते कलम नव्हते आणि बाल्बस निर्दोष सुटला.

हेच तत्त्व अगदी साध्या पाटीवरही दिसते. वाचनालयाच्या दारावर 'शनिवारी रात्री नऊपर्यंत उघडे' एवढेच लिहिलेले असेल, तर इतर दिवशी ते नऊच्या आधी बंद होते, हे आपण न सांगता ओळखतो. नियम कुठेही लिहिलेला नसतो. सवलतीच्या त्या एका ओळीवरून तो कळतो. फाउलर यांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी प्रयोगकोशातही असेच उदाहरण आहे: आज रात्री अकरापर्यंत बाहेर राहण्याची सैनिकांना खास परवानगी आहे, असे म्हटले की एरवी त्यांना लवकर परतावे लागते, हे उघड होते.

'प्रूव्ह' या क्रियापदाचा जुना अर्थ 'पारखणे' असा होता, म्हणून अपवाद नियमाची कसोटी पाहतो, असा खुलासा पुष्कळदा केला जातो. तो आकर्षक आहे, पण लॅटिन वचनाचा उत्तरार्ध, म्हणजे 'ज्या बाबींना अपवाद केलेला नाही, त्यांच्यापुरता' हा भाग, पाहिला की त्याची गरज उरत नाही. आणखी एक सैल अर्थ मात्र मला मान्य होण्यासारखा वाटतो. नेहमी उशिरा येणारा मित्र एखाद्या दिवशी वेळेवर आला की आपण चकित होतो, आणि त्याची एरवीची सवय त्या आश्चर्यातूनच कळते. 'सर्व', 'कधीही नाही' असा दावा मात्र एकाही अपवादापुढे टिकत नाही. तिथे या वाक्प्रचाराचा आधार घेणे ही पळवाट आहे.

खरे तर 'अपवाद' हा शब्द घेताना आपल्याला लांब जाण्याचे कारण नव्हते. संस्कृत व्याकरणात सामान्य नियमाला उत्सर्ग म्हणतात, आणि अपवादाचे क्षेत्र वगळून उरलेल्या ठिकाणी उत्सर्ग लागू होतो, असा तिथला संकेत आहे. इंग्रजी वाक्प्रचारातून गळून पडलेला उत्तरार्ध तो हाच. म्हणून मराठीत लिहिताना मी 'अपवादावरून नियम कळतो' असे म्हणणे पसंत करतो. त्या पाटीवरून वाचनालयाची वेळ कळते, तसा.