हॅलिफॅक्स म्हणजे आपला आयर्विनच!

सांगलीत उभं राहून चर्चिलबद्दल बरं बोलायचं म्हणजे जरा धाडसच. २४ जुलै १९४३ला स्वातंत्र्यसैनिक वसंतदादा पाटील इथल्या तुरुंगातून तट ओलांडून पळाले आणि खांद्यात गोळी घेऊन पकडले गेले, तेव्हा विलायतेत पंतप्रधान हाच गृहस्थ होता. त्याच साली बंगालमध्ये माणसं अन्नावाचून मरत होती. त्या दुष्काळात ३० लाखांच्या आसपास गेली असं मानतात.

तर २०१७चा चर्चिलवरचा सिनेमा ‘डार्केस्ट अवर’ मी घरी आईबरोबर पाहिला. आई वाळवा तालुक्यातली. तिचे वडील प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या समांतर सरकारच्या, माणसांना रात्री भाकरी पोचवायचे. तिला इंग्रजी येत नाही, शेंगा फोडत बसली होती. मी मुद्दामच नाव सांगितलं नाही. अंधारी खोली, काडी पेटते आणि त्या उजेडात पलंगावरचा जाडजूड म्हातारा चिरूट ओढताना दिसतो. टायपिस्ट पोरीवर असा खेकसतो की ती रडत पळते. आई म्हणाली, “कसलं खवीस म्हातारं हे!” पुढं तेच म्हातारं एका कोंदट खोलीत कोंडून घेऊन अमेरिकेच्या अध्यक्षाला, रूझवेल्टला, फोनवर विमानं मागतं. पलीकडून सल्ला काय, तर कायदा आडवा येतो, तेव्हा घोडे जुंपून विमानं कॅनडाच्या हद्दीत ओढून न्या. आईचा हात शेंगांवरच थांबला. “बिचारं, एकटं पडलंय की रे.”

बघा, दीड तासात खवीसचं बिचारं झालं.

आता यात थापा आहेत. ती टायपिस्ट चर्चिलकडं कामाला लागली १९४१मध्ये, आणि सिनेमा घडतो मे १९४०मध्ये. भुयारी रेल्वेत तो सामान्य लोकांचा कौल घेतो, तो प्रसंग तर सगळाच रचलेला. तिथं चर्चिल मेकॉलेची कविता म्हणू लागतो आणि एक कृष्णवर्णीय उतारू ती पुरी करतो. मेकॉले म्हणजे तोच, १८३५च्या शिक्षणाच्या टिपणाचा, ज्याला आपण अजून शिव्या देतो. साम्राज्याचे डाग धुवायला याहून चांगला साबण मिळाला नसता.

पण मला खरी गंमत वाटली ती हॅलिफॅक्सची. सिनेमात हा चर्चिलचाच परराष्ट्रमंत्री, पडखाऊ माणूस: इटलीला मध्ये घालून हिटलरशी बोलणी करू म्हणतो, चर्चिल ठाम नकार देतो, आणि आपण खुर्चीत सरसावून बसतो. आता हा हॅलिफॅक्स कोण? आपला आयर्विन! १९२६ ते १९३१ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. फेब्रुवारी १९३१मध्ये गांधीजी त्याच्याशी बोलणी करायला त्याच्या वाड्याच्या पायऱ्या चढले, ते बघून चर्चिलला मळमळलं आणि ‘अर्धनग्न फकीर’ हे शब्द तेव्हाचे. म्हणजे माणसं तीच, भांडणही तेच. एक म्हणतो समोरच्याशी बोलू, दुसरा म्हणतो मुळीच नाही. १९३१मध्ये तो हट्ट गांधींविरुद्ध होता, म्हणून आपल्याला मस्तवाल वाटतो. १९४०मध्ये हिटलरविरुद्ध, म्हणून बाणेदार. दिग्दर्शकाला स्वभाव बदलावा लागलाच नाही. हट्ट बरोबर ठरला ते चार आठवडे त्यानं तेवढे उचलले, ४ जूनच्या ‘किनाऱ्यांवर लढू’ या भाषणावर पडदा पाडला. आयर्विनही काही संत नव्हे. भगतसिंगांची फाशी त्याच्याच कारकिर्दीतली. पण ते सगळं सिनेमाच्या चौकटीबाहेर.

पडदा पडल्यावर मी आईला सांगितलं, “हा चर्चिल बरं का.”

ती गप्प. टोपल्यातली टरफलं तिनं हातानं चाळली. मग विचारलं, “दादांना गोळी लागली तवा हाच व्हता?”

“हाच.”

“आणि बाबा भाकरी न्यायचे तवा?”

“तेव्हाही हाच.”

पुन्हा थोडा वेळ गेला. “बरं,” ती म्हणाली, “मग लढाईत फुडं काय झालं त्याचं? दुसरा भाग असंल तर लाव.”