आणि एक विचारायचं होतं, डॉक्टर

नमस्कार श्रोतेहो.

सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळच्या ओपीडीला बसलात, तर अशक्तपणा, कंबरदुखी, पित्त, झोप नाही, हेच दुपारपर्यंत कानावर येईल. त्यातली बरीच दुखणी खरोखर तेवढीच असतात. काहींचं मात्र खरं दुखणं बाहेर पडतं ते केसपेपरची घडी घालून उठताना, दाराशी: "आणि एक विचारायचं होतं, डॉक्टर..." तोवर पुढचा पेशंट आत आलेला असतो, आणि विचारायचं ते राहून जातं.

लैंगिक तक्रारींचा आणि मनाच्या दुखण्याचा हा विषय आम्ही डॉक्टरांनीच आधी काढावा, असं माझं मत आहे. पेशंटला धीर येईल तेव्हा तो बोलेल, अशी वाट बघण्यात अर्थ नाही. मेडिकल कॉलेजात आम्हाला अवयव सगळे शिकवतात. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल पेशंटला कसं विचारायचं, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. त्यामुळं संकोच काय फक्त पेशंटलाच असतो असं नाही.

पन्नाशीतल्या, शुगर असलेल्या बागायतदाराचं घ्या. शुगरमुळं रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात, हे त्याला पायाच्या जखमेपुरतं ठाऊक असतं. लिंगाला ताठरता न येणं हाही त्याच बिघाडाचा भाग असू शकतो, हे कुणी सांगितलेलं नसतं. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून कधीकधी हृदयाच्या तक्रारीआधी काही वर्षं ही तक्रार सुरू होते. म्हणजे वेळेवर विचारलं, तर हृदयाचीही तपासणी वेळेवर होते. न विचारल्यास हा माणूस मेडिकलमधून गुपचूप ताकदीची गोळी आणतो. आणि छातीत दुखतं म्हणून तो जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेत असेल, तर या दोन्हींमुळं रक्तदाब एकदम कोसळून जीवावर बेतू शकतं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनीही ताठरता कमी होते. त्या परस्पर बंद करू नका. डॉक्टरला सांगा, बदलून मिळतात. भिंतीभिंतीवर 'गुप्तरोग' रंगवलेल्या जाहिराती यातलं काहीच सांगत नाहीत.

आता विट्याकडं, आटपाडीकडं चला. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी इथली माणसं देशभर पांगलेली. काहींची बायका-पोरं गावीच असतात. अशा घरातली एक सून येते, सोबत सासू. "अंगावरून पांढरं जातंय, कंबर मोडून आलीय." सासू शेजारी असेपर्यंत पुढं एक अक्षर निघत नाही. सिस्टर हुशार असतात. "मावशी, जरा बाहेर बाकावर बसा, हिला तपासायचंय," म्हणतात आणि पडदा ओढतात. मग कळतं की मालक दिवाळीला येऊन गेले तेव्हापासून खाज आहे, जळजळ आहे. आणि त्याच दमात, "रात्रीची झोप येत न्हाई. गप पडून राहावं वाटतंय."

इथं फक्त पांढऱ्या पाण्याच्या गोळ्या देऊन भागत नाही. लैंगिक संबंधातून आलेला संसर्ग असेल तर नवऱ्यालाही उपचार लागतात, नाहीतर तो पुन्हा येतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत असतात. एचआयव्हीची तपासणीही मोफत, आणि ती तिच्या संमतीनंच करायची, निकाल गुप्त ठेवायचा. 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्यातच तसं आहे. आणि झोपेचं? तिथं दोन प्रश्न विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास राहिलंय का? कशात रस वाटेनासा झालाय का? उत्तर होकारार्थी आलं तर सविस्तर बोलायचं. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्यातल्या काहींनी कामेच्छा कमी होते, हेही आधीच सांगावं. नाहीतर पेशंट न सांगता गोळ्या सोडतो, आणि आपण म्हणत राहतो, गुण का येईना.

जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बऱ्याच जणांना हलकं वाटतं. आणि कुणी तसा प्रयत्न केलाच, तर तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच 2017चा मानसिक आरोग्य कायदा धरून चालतो. त्याच्यावर खटला नाही, तर त्याची काळजी घ्यायची, असा त्याचा रोख आहे. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर 14416, टेलिमानस, ही मनाच्या दुखण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन. फोन मोफत, मराठीत बोलता येतं.

'गावात कळेल' ही भीती मी खोटी म्हणणार नाही. गाव लहान, केसपेपर काढणारा ओळखीचा. म्हणून केसपेपर काढताना नुसतं 'तपासायचंय' म्हणा, पुरे. गर्दी ओसरल्यावर या. आत आल्या आल्या पहिलं वाक्य हेच टाका: "डॉक्टर, खाजगीतलं आहे, एकट्याला बोलायचंय." तोंडानं सांगणं जड जात असेल तर चिठ्ठीवर लिहून आणा. जीवाला धोका असल्याशिवाय डॉक्टरनं तुमचं बोलणं घरच्यांनाही सांगायचं नसतं. आणि ऐकून जो डॉक्टर हसेल किंवा उपदेश करायला लागेल, त्याच्याकडं पुन्हा जाऊ नका, दुसरा गाठा.

नमस्कार.