दुधाशी न जमणारी फळं आणि कडक गवती चहा

नमस्कार श्रोतेहो. आज जरा कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसा, कारण मापं सांगणार आहे. विषय आहे स्मूदीचा. पण दुधातली नाही, साखरपाण्यातली नाही, तर गवती चहातली.

आधी दुधाचं काय बिघडतं ते बघू. अननस दुधात फिरवला आणि ग्लास अर्धा तास तसाच ठेवला, तर पहिला घोट घेताच तोंड वाकडं होतं. कडूपणा जिभेच्या मागच्या बाजूला बसतो, तो साखरेनंही जात नाही. अननसात ब्रोमेलेन नावाचं पाचक द्रव्य असतं. ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करायला लागतं आणि त्यातले काही तुकडे चवीला कडू असतात. पपईतलं पपेन आणि किवीतलं असंच एक द्रव्य हाच उद्योग करतात. फळ फ्रीजरमध्ये ठेवल्यानं ही द्रव्यं मरत नाहीत, उष्णतेनं मरतात. म्हणून दुकानातला डबाबंद अननस, जो आधीच तापवलेला असतो, दुधात चालतो आणि ताजा चालत नाही. स्ट्रॉबेरी, संत्रं यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या आंबटपणानं दूध फाटू शकतं. ‘फळं दुधात घालू नका’ असं घरातली जुनी माणसं म्हणत आली, त्यांच्याकडे कारणं वेगळी होती, पण या फळांपुरता सल्ला चोख आहे.

मग द्रव म्हणून घालायचं काय? नुसतं पाणी घातलं तर फळ पातळ होतं आणि चव पळते. वनस्पतींचा काढा, म्हणजे ज्याला हल्ली हर्बल टी म्हणतात तो, इथे उपयोगी पडतो. त्यात फाटायला काही नाही, कडू व्हायला प्रथिनं नाहीत आणि त्याला स्वतःचा वास आहे. आपल्याकडे गवती चहा कुंडीतही वाढतो, त्यामुळे सुरुवात त्याच्यापासूनच करू.

बहुतेकांची चूक इथेच होते. कपात प्यायचा गवती चहा जसा करतो, तसाच करून ते स्मूदीत ओततात. तो गरम असताना सुगंधी लागतो. गार करून त्यात पाव किलो फळ मिसळलं की त्याचा मागमूस राहत नाही. गार पदार्थात वासही कमी जाणवतो आणि गोडीही. म्हणून चहा दुप्पट कडक हवा. आता मापं घ्या. साडेतीनशे मिलिलिटर पाणी, हातभर लांबीची आठ पानं आणि बुंध्याकडचा पांढरा भाग मिळाला तर बोटभर तुकडा ठेचून. पानं धुताना जपून, कडा ब्लेडसारख्या असतात. पात्याच्या उलट्या दिशेनं बोट फिरलं की चरा पडतो. पानं कात्रीनं बोटाबोटाएवढी कापा. कापलेल्या कडेतून तेल लवकर सुटतं.

पाणी उकळलं की पानं टाका, आच मंद करा आणि झाकण ठेवा. झाकण महत्त्वाचं. गवती चहाचा लिंबासारखा वास ज्या तेलाचा, ते वाफेबरोबर उडून जातं. स्वयंपाकघरभर छान वास सुटला, तर तेवढा तो पातेल्यातून गेला असं समजा. चार मिनिटं मंद उकळू द्या, गॅस बंद करा आणि तसंच झाकून दहा मिनिटं मुरू द्या. झाकण काढताना तिरकं करा, म्हणजे आतल्या बाजूला जमलेले थेंब परत पातेल्यातच पडतील. ते थेंब वाया घालवू नका, वास त्यातही असतो. गाळल्यावर साधारण तीनशे मिलिलिटर चहा हाती येईल. साखर घालायची असेल तर ती आताच, गरम असताना घाला, दोन चमचे पुरतात. गार चहात साखर तळाशी बसते आणि शेवटचा घोट नुसता पाक लागतो.

आता गार करणं. पातेलं परातीत गार पाण्यात ठेवा, पाणी कोमट झालं की एकदा बदला. पंधरा-वीस मिनिटांत चहा हाताला गार लागेल. मग तो फ्रीजमध्ये दोन तास. गरम चहा मिक्सरच्या भांड्यात कधीही घालू नका. बंद भांड्यात पाती फिरली की एकदम वाफ होते, झाकण उडतं आणि चटका चेहऱ्यापर्यंत येतो. शिवाय फळ कोमट होतं आणि स्मूदीची होते पातळ खीर. तीनशेतले अडीचशे मिलिलिटर बाजूला ठेवा, उरलेला पन्नास बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. दोन-तीन खडे होतील. साध्या बर्फानं चव पातळ होते, चहाच्या खड्यांनी होत नाही.

पुन्हा सांगते: पाणी साडेतीनशे, पानं आठ, उकळ चार मिनिटं, मुरवण दहा.

अननस अडीचशे ग्रॅम घ्या, म्हणजे सोललेल्या फोडी दोन सपाट वाट्या. मधला कडक दांडा काढून टाका, नाहीतर धागे जिभेत अडकतात. फोडी पेराएवढ्या करून, एकमेकींना न चिकटतील अशा ताटात पसरून रात्रभर गोठवा. डब्यात एकत्र कोंबल्या तर त्यांचा दगड होतो आणि सकाळी तो हातोडीनं फोडावा लागतो. सोबत पिकलेल्या केळ्याचा अर्धा भाग. केळं चवीसाठी नाही, अंगासाठी. नुसता अननस आणि चहा फिरवला की दहा मिनिटांत वर चोथा तरंगतो आणि खाली पाणी राहतं. केळं त्या दोघांना धरून ठेवतं. चिमूटभर काळं मीठ.

मिक्सरमध्ये आधी बाजूला ठेवलेला चहा, त्यातला थोडा मागे राखून, मग केळं, मग गोठलेल्या फोडी. क्रम उलटा झाला तर फोडी पात्याखाली गच्च बसतात. पाती अडखळतात किंवा खालच्या पोकळीत मोकळीच फिरतात, आवाज मोठा येतो आणि वरचं काही हलत नाही. असं झालं तर वेग वाढवू नका. मिक्सर बंद करा, भांडं काढून हलवा, दोन चमचे चहा घाला. फ्रीजरमधून काढलेल्या फोडी आधी पाच मिनिटं बाहेर ठेवल्या तर ही वेळ सहसा येत नाही. पहिले पाच-सहा झटके थांबत थांबत द्या, मग सलग चाळीस सेकंद. मिनिटापेक्षा जास्त फिरवलंत तर हवा भरून फेस येतो आणि स्मूदी तापते. आणि मिक्सर एकदम गप्प झाला, तर घाबरू नका. बऱ्याच मिक्सरच्या तळाशी लाल बटण असतं, ते जास्त भार आल्यावर सुटतं. प्लग काढा, दहा मिनिटं मोटर थंड होऊ द्या, बटण दाबा आणि भांड्यातला माल निम्मा करून पुन्हा लावा.

दोन मोठे ग्लास होतात. फार घट्ट वाटली तर उरलेला चहा, पातळ वाटली तर चहाचे ते खडे.

या मोसमात अननस नसेल आणि पपई असेल, तर माप तेच, केळं नको. पपईला स्वतःचं अंग भरपूर आहे. फक्त अर्ध्या लिंबाचा रस घाला, तिचा तो किंचित उग्र वास त्यानं झाकला जातो.

आता दुसरा चहा, आणि हा माझ्या मते गवती चहापेक्षाही सरस: लाल अंबाडीच्या वाळलेल्या बोंडांचा. दुकानात हिबिस्कस टी म्हणून जी गडद लाल, कुरकुरीत पानं मिळतात, ती दारातल्या जास्वंदीची नसतात. ती लाल अंबाडीची, फूल गळल्यावर उरणारी मांसल दलं असतात. इजिप्त आणि सुदानमध्ये त्यांचा चहा कर्कदे म्हणून पितात, मेक्सिकोत त्यांचंच गार सरबत करतात. विदर्भातल्या घरांतही अंबाडीच्या फुलांचं सरबत होतं.

हा उकळायचा नाही. तीनशे मिलिलिटर पाणी उकळून गॅस बंद करा, त्यात आठ ग्रॅम बोंडं, म्हणजे हलकी मूठभर, टाकून झाकून दहा मिनिटं ठेवा. उकळलं तर आंबटपणा तुरट होतो. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. अ‍ॅल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ या आंबटाला चालत नाही. बोअरचं जड पाणी असेल तर रंग लालऐवजी मळकट जांभळा येतो. पाण्यातला क्षार आंबटपणा मारतो आणि त्याबरोबर रंगही. तेव्हा गाळल्यावर लिंबाचे चार थेंब टाका, चहा डोळ्यांदेखत पुन्हा लाल होतो.

यात महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या दीडशे ग्रॅम, देठ काढून गोठवलेल्या, आणि एक पूर्ण केळं. चहा गार झालेला, दोनशे मिलिलिटर. दूध इथे कधीच नाही, पनीर करायला निघाल्यासारखं ते लगेच फाटेल. दही मात्र चालतं, कारण दह्यात ते फाटणं आधीच होऊन गेलेलं असतं. दोन मोठे चमचे घट्ट दही घातलं की रंग गुलाबी होतो.

पुदिन्याचा चहा कलिंगडाबरोबर उत्तम. पानं फक्त पाच मिनिटं मुरवा, जास्त ठेवलीत तर हिरवा रंग शेवाळी तपकिरी होतो. तुळस पेरूबरोबर जमते, पण पेरूच्या बिया मिक्सरमध्ये भरडल्या जातात आणि दाताखाली येतात. आधी पेरूचा गर चाळणीवर घासून घ्या. आलं घालायचं तर उकळूनच. कच्च्या आल्याचा ठसका वेगळाच.

काळजीचं एक-दोन शब्दांत सांगते. अंबाडीच्या चहानं रक्तदाब थोडा उतरू शकतो. ज्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी रोजच्या रोज प्यायच्या आधी डॉक्टरांना विचारावं, गरोदर बायकांनी तो टाळलेला बरा. जेष्ठमधाचं उलटं, त्यानं रक्तदाब वाढतो. तेव्हा तयार पुडीचा चहा आणलात तर पुडीवरची यादी वाचा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेली स्मूदी चमचाभरही देऊ नका.

केलेला चहा झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतो, स्मूदी मात्र टिकवायची वस्तू नाही. ग्लासात ओतलीत की पंधरा मिनिटांत संपवा. आणि भांडं लगेच पाण्यात टाका. अननसाचे धागे पात्याभोवती वाळले की दातकोरणीनं काढावे लागतात.

नमस्कार.